मोहरीएवढं छिद्र

एका नदीकाठच्या गावात एक घटकेवाली राहत होती. गावाची वेळ राखणं हे तिचं काम. वेशीजवळच्या चौथऱ्यावर पाण्याने भरलेलं गंगाळ होतं, त्यात तांब्याची वाटी तरंगायची. वाटीच्या बुडाला मोहरीएवढं छिद्र होतं. त्यातून पाणी आत शिरायचं, वाटी भरायची आणि बुडायची. वाटी बुडाली की एक घटका संपली. मग घटकेवाली काशाच्या थाळीवर टोला द्यायची आणि वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायची.

त्या टोल्यांवर गाव चालायचं. दोरखाना तर सकाळच्या पहिल्या टोल्याला उघडायचा आणि बाविसाव्याला बंद व्हायचा. गावाला दोराची मोठी गरज होती. नदी खोल दरीतून वाहायची, पूल नव्हता. दोन काठांमध्ये अंबाडीचा जाड दोर ताणलेला असायचा आणि त्यावरून माणसांचा पाळणा इकडून तिकडे सरकायचा. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर नवा दोर लागायचा. गावाची रीत अशी, की ज्या कारागिराने दोर वळला त्यानेच पहिल्यांदा पाळण्यात बसायचं. तो सुखरूप पलीकडे पोहोचला की मग बाकीच्यांनी.

तो कारागीर म्हणजे घटकेवालीचा नवरा.

रोज दुपारी अकराव्या टोल्यानंतर घटकेवाली वाटी पाण्याबाहेर काढायची. चिंच आणि राखेने घासायची, छिद्रातून मोहरीचा दाणा सोडून बघायची. दाणा सुळकन खाली पडला की वाटी उन्हात पालथी घालायची आणि नवऱ्याबरोबर भाकरी खायला बसायची. तेवढा वेळ थाळी गप्प. म्हणून गावही तेवढा वेळ जेवायचं, पाय पसरायचं, दोन शब्द बोलायचं.

मग गावाला नवे दिवाणजी आले, राणीसरकारांनी कारभार बघायला नेमलेले. त्यांनी जन्मात कधी दोर वळला नव्हता, पण दोर वळणाऱ्यांनी किती वेळ जेवावं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

"भर दुपारी थाळी गप्प का?" त्यांनी विचारलं.

"वाटी घासते, दिवाणजी. पाण्यात क्षार आहे, छिद्राला धरतो."

"आणि मग जेवत बसतेस! तुझ्यामुळे सगळं गाव बसतं. उद्यापासून वाटी पाण्यातच राहील. एका हाताने खा, डोळे वाटीवर ठेव."

घटकेवालीने मान डोलावली. थाळी थांबेना, म्हणून दोरखान्यातही दुपारी कोणी जेवायला बसेना. पहिले काही दिवस तिला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मग सवय झाली. दिवाळीला दिवाणजींनी चावडीवर बोलावून तिला शाल पांघरली. म्हणाले, "हिच्याकडून शिका! दसऱ्यापासून जागेवरून हलली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला ते फार आवडलं. नवऱ्यानेही टाळ्या वाजवल्या, पण त्याच्या हाताला जोर नव्हता.

तो आता घरी यायचा तो अंधार पडल्यावर. थंडीचे दिवस लहानच असतात, असं दोघं म्हणायची. जेवताना त्याचा डोळा लागायचा. एकदा तर त्याला बंडीची गाठ सुटेना. तिने ती सोडली आणि हसत म्हणाली, "म्हातारे झालात की काय?"

"झालो असेन," तो म्हणाला.

संक्रांत होऊन महिना उलटला. एका संध्याकाळी नवरा उंबऱ्यावर टेकला आणि आभाळाकडे बघत राहिला.

"अगं, दिवस मोठा व्हायला लागला ना आता?"

"हो की."

"मग आमचा बाविसावा टोला अजून अंधारातच का पडतो?"

दिवसभर ती वाटीकडे बघायची. आभाळाकडे बघून तिला कितीतरी दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने वाटी उचलून उजेडात धरली. आत पांढरा थर जमला होता. तिने मोहरीचा दाणा सोडला. दाणा छिद्रावर बसून राहिला. तिने बोटाने ढकलला, तरी तो पडेना.

छिद्र बारीक झालं, म्हणजे वाटी सावकाश भरत होती. घटका लांबत होती. बाविसाव्या टोल्यापर्यंत दोरखान्यातली माणसं रोज किती जास्त राबत होती, आणि तीही बिनजेवणाची! नवरा म्हातारा झाला नव्हता. तिनेच त्याला थकवलं होतं.

ती तशीच दिवाणजींच्या दारी गेली. दिवाणजी सगळं ऐकून हसले.

"तरीच म्हटलं, दोर इतका भराभर कसा तयार झाला! वाटीला हात लावू नकोस. काम छान चाललंय."

"पण टोला खोटा पडतोय, दिवाणजी."

"कोणाला कळतंय? तू तोंड उघडलंस तर थाळी तुझ्या हातून जाईल. तुझी आई बसायची ना त्या चौथऱ्यावर? तिच्या लेकीने गावाला चार महिने फसवलं, असं लोक म्हणतील. बघ बुवा."

ती परत फिरली. वाटेत तिने ठरवलं, की गुपचूप वाटी घासून टाकायची. उद्यापासून टोला खरा पडेल. झालं गेलं कोणाला कळायचं कारण नाही, नवरा दोन दिवसांत ताजातवाना होईल. आईचं नाव राहील, शालही राहील.

तिने चिंच भिजवली, राख घेतली, वाटी घासायला बसली. घासता घासता तिचा हात थांबला.

दोर तर वळून झाला होता. उद्या तो दरीवर ताणायचा होता आणि परवा तिचा नवरा पाळण्यात बसणार होता. ज्या हातांना बंडीची गाठ सुटत नव्हती, त्याच हातांनी रोज शेवटच्या टोल्यापर्यंत दोराला पीळ दिला होता.

वाटी घासता येत होती. वळलेला दोर घासून नीट होणार नव्हता.

ती उठली आणि थाळी बडवायला लागली. एक टोला, दोन, दहा, वीस. गाव धावत आलं. राणीसरकारही पालखी न मागवता चालत आल्या. दोरखान्यातली माणसं हाताला अंबाडीचे तुसे तसेच घेऊन आली.

"माझी चूक झाली," घटकेवाली म्हणाली. "चार महिने मी वाटी घासली नाही. तुमचा दिवस मी लांबवला. दिवाणजींना सांगितलं, तर म्हणाले, दोर लवकर झाला, वाटीला हात लावू नकोस. दोर थकल्या हातांनी वळला गेलाय. तो तपासल्याशिवाय कोणी पाळण्यात बसू नका."

"खुळावली आहे बाई!" दिवाणजी ओरडले. "थंडीत दिवस लहान असतो, एवढंही हिला कळत नाही!"

तेव्हा तिचा नवरा पुढे आला. "राणीसरकार, दोर माझा आहे. मला स्वतःला खात्री नाही. शेवटी शेवटी बोटांना पीळ कळत नव्हता. मी लाजेने बोललो नाही."

राणीसरकारांनी दोर दोन वडांमध्ये ताणायला लावला आणि पाळण्यात चार माणसांच्या वजनाचे दगड भरले. दोर कुरकुरला. मधोमध एका जागी पदर उलगडला आणि पाळणा धाडकन जमिनीवर आदळला.

घटकेवाली नवऱ्याजवळ गेली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. एवढ्या लोकांसमोर तिने तो आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता.

"कारागिराला थकवून दोर लवकर होतो म्हणालात," राणीसरकार दिवाणजींना म्हणाल्या. "हा घ्या तुमचा लवकर झालेला दोर. नवा होईपर्यंत तुम्ही दोरखान्यात पीळ द्यायला बसायचं. दुपारी जेवायची मुभा आहे." मग त्या घटकेवालीकडे वळल्या. "शाल काढून ठेव. थाळी मात्र तुझ्याकडेच राहील. चूक लपवायची सोय असताना ती बोलून दाखवणाऱ्याच्या हाती माझ्या गावाची वेळ असू दे."

नवा दोर खऱ्या टोल्यांवर वळला गेला. दुपारी थाळी गप्प झाली की माणसं सावलीला बसायची, दिवाणजीही बसायचे, हाताचे फोड फुंकत. दोर एकवीस दिवसांत झाला. आधीच्याला चार महिने लागले होते; जन्मात दोर न वळलेल्या दिवाणजींना तेच भराभर वाटलं होतं. सैल पडलेला पीळ दुसऱ्या दिवशी उलगडून पुन्हा द्यावा लागायचा, आणि ते बोलायची कोणाची हिंमत नव्हती.

पहिल्या फेरीच्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी भरून गेले. कारागीर पाळण्यात पाय टाकणार, इतक्यात राणीसरकारांनी विचारलं, "भीती वाटते का रे?"

"दोराची नाही वाटत, सरकार," तो म्हणाला. "पण न जेवता निघालोय. हे बायकोला कळलं तर..."

"कळलंय!" गर्दीतून आवाज आला. घटकेवाली फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन पुढे आली. "उतरा खाली. आधी जेवा."

"अगं, सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत."

तो उतरला. दरीच्या काठावर बसून त्याने भाकरी आणि झुणका खाल्ला, वर घोटभर ताक प्यायलं. राणीसरकार उभ्या राहिल्या, दिवाणजी उभे राहिले, दोन्ही काठांवरचं गाव उभं राहिलं, आणि कोणीही त्याला घाई कर म्हटलं नाही. मग तो हात धुऊन पाळण्यात बसला आणि पलीकडे गेला.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: अवजार साफ करण्यात, वेळेवर जेवण्यात आणि हात विसावण्यात गेलेला वेळ हा कामाचाच भाग असतो. जो हा वेळ तुमच्याकडून काढून घेतो, तो तुमचं काम बिघडवतो. त्याने तुम्हाला शाल पांघरली, तरी त्याला तसं तोंडावर सांगा.