बयजाची तोटी

बोरपेठेच्या जुन्या सराईत आता पर्यटकांसाठी खोल्या आहेत. चौकातले कारंजे दिसले की पाहुणे फोटो काढायला धावतात; पण खोलीची चावी मिळण्याआधी त्यांना परत बाहेर जावे लागते. सराईच्या भिंतीतून रस्त्यावर एक दगडी तोटी निघाली आहे. तिथे घागर भरायची, पेठेतल्या कुणाला तरी उचलून द्यायची, मगच चावी. पाहुणे कुरकुरतात. कुरकुरू देत.

असे सांगतात, की डोंगरातल्या तळ्याचे पाणी खापरी नळांतून इथवर आणले ते संतू कुंभाराने. नळ भाजले त्याने, पुरले त्याने आणि खोदकामात दरड कोसळून मेलाही तोच. पेठेलाही एक तोटी देईन, असा शब्द सराई बांधणाऱ्या जहागीरदाराने त्याला भर चावडीत दिला होता. कारंजे उडाले त्या दिवशी मात्र दाराशी भालदार उभे. आत पाहुण्यांच्या घोड्यांना अंघोळी, बाहेर बायका रिकाम्या घागरी घेऊन उन्हात. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय!

संतूची बायको बयजा पेटून उठली. नळाच्या वाटेवर हवा सुटायला दगडी उसासे बांधलेले असतात. त्यातला कुठला बुजवला की पाणी अडते, हे नवऱ्याबरोबर चिखल तुडवताना तिला कळले होते, म्हणे. तिने तो आतून मातीने असा लिंपला की बाहेरून काही दिसू नये, आणि सराईच्या दारात येऊन बसली. कारंजे दोनदा खोकले आणि गप्प झाले.

जहागीरदाराने सगळे उसासे धुंडाळले. तिसऱ्या दिवशी तो तलवार उपसून तिच्यासमोर उभा राहिला.

"कापा," बयजा म्हणाली. "मग पानी कोन सोडतंय ते बघा. माझा धनी तुमच्या घोड्यांसाठी मेला न्हाई."

त्याने भिंत फोडून तोटी बसवली. तेव्हाच तिने माती काढली. पहिली घागर त्याने स्वतः भरून तिच्या डोक्यावर दिली. सराईत उतरेल त्याने हेच करावे, ही तिची अट होती.

आजही आधी तोटी वाहते, मग कारंजे उडते. गेल्या उन्हाळ्यात नव्या व्यवस्थापकाने तोटीला कुलूप घातले. तिसऱ्या दिवशी कारंजे दोनदा खोकले आणि गप्प झाले. बयजाचा कोप झाला म्हणून त्याने घाबरून नारळ फोडला, कुलूप काढले. कुंभारवाड्यातल्या बायका त्या दिवशी हाताची माती धूत बसल्या होत्या.