ठमाची फेरी

फार वर्षांपूर्वी, डोणवाडीच्या डोंगराला पायवाटेशिवाय वाट नव्हती तेव्हा, तिथं ठमा नावाची एक तरुण आई राहायची. ती भित्री होती. लेक रांगायला लागली आणि ठमाची नजर जमिनीला खिळली. कुठे काटा, कुठे विंचू, कुठे साप. साप क्वचितच दिसायचा, पण तो शोधता शोधता बाकीचं सगळं दिसायला लागलं. कुंभारमाशीनं दगडाला चिकटवलेलं मातीचं इवलंसं मडकं, पानं जोडून केलेलं मुंग्यांचं घर, गवताच्या बुडाशी चंडोलाची अंडी. भीती आपल्यालाही वाटते, पण तिच्यातून एवढं काही हाती लागत नाही. असं म्हणतात, की पाचोळ्याखालच्या अळीनं कूस बदलली तरी ठमाला ऐकू यायचं.

चैत्रात वाडी राब भाजायची. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून पेटवून द्यायची. त्याआधी ठमा बायापोरांना घेऊन उतारावर हिंडायची आणि घरटं दिसेल तिथला पाला बाजूला ओढायला लावायची. लोक हसायचे, पण ऐकायचे.

एका वर्षी तिचा दीर कोंडाजी काटक्यांची पेटती चूड घेऊन उभा होता. वारा हवा तसा होता. तेवढ्यात टिटवी ओरडायला लागली.

“भावजी, जरा थांबा. तिची अंडी असत्याल. वरचा बांध बघून येते.”

“वहिनी, तुझ्या भ्यानं चाललो तर राब पावसात भाजायला लागंल.”

“आत्ता येते.”

“जा. पण काडीला साप म्हणून ओरडू नको.”

सगळे हसले. तीही हसली, लेकीला जावेकडे दिलं आणि गेली.

कोंडाजी थांबला. मग वारा फिरेल असं त्याला वाटलं आणि त्यानं चूड टेकवली. वरून ठमाची हाक आली.

“दिसली वाटतं काडी,” तो म्हणाला.

पुन्हा हशा झाला. दुसरी हाक आली तेव्हा कोणी हसलं नाही, पण तोवर वाळल्या गवतातून आग बांधापर्यंत पोचली होती.

असं म्हणतात, की धूर आभाळात गेलाच नाही, एका जागेभोवती भिंतीसारखा उभा राहिला. आग विझल्यावर लोक वर धावले. सगळा उतार काळा आणि मधोमध अंथरुणाएवढं हिरवं गवत. त्यात टिटवीची चार अंडी, कुशीतून नुकती काढल्यासारखी उबदार. ठमा कुठेच नव्हती. असंही म्हणतात, की टिटवी पुन्हा त्यांच्यावर बसली नाही, तरी पिल्लं बाहेर येईपर्यंत अंडी गार पडली नाहीत.

कोंडाजीनं परत चूड धरली नाही. कुणीही कुणालाही हाक मारली, की तो भरल्या ताटावरून उठायचा.

अजूनही डोणवाडीत राब भाजण्याआधी ठमाची फेरी निघते. पोरं घरटी शोधतात, किडे एकमेकांना दाखवतात. मग चूड वाडीतल्या सगळ्यांत भित्र्या माणसाकडे देतात. बहुतेक वेळा ती एखादी नवी आई असते. ती ‘लावते’ म्हणेपर्यंत कोणी घाई करत नाही, चेष्टा तर नाहीच. गेल्या साली अशाच एकीनं घरटी शोधता शोधता दुपार केली. वारा पडला, त्या दिवशी राब भाजायचे राहिले. लोक चूड विझवून उतार उतरले.

“ठमाच्या वेळीही एवढंच तर करायचं होतं,” कोणीतरी म्हणालं.