न धुतलेला कोपरा

गालिचे धुणाऱ्या हमिदाबीने सरदार निंबाजीरावांचा काश्मिरी गालिचा नदीवर धुऊन आणला आणि दिवाणखान्यात अंथरला. तो पाहताच सरदार पाहुण्यांसमोर कडाडले, "हा माझा नव्हेच! माझा मातकट होता, हा तर लालभडक. गालिचा बदललास, चोरटी कुठली! आजच्या आज गाव सोड."

"सरकार, मळ निघाला की मूळ रंग दिसतो."

"माझ्या घरात मळ? रोज झाडलोट होते इथे. माझा गालिचा विणलाच होता मातकट!"

हमिदाबी जागची हलली नाही. तिच्या घराण्याची रीतच होती, एक कोपरा तसाच ठेवायचा आणि तो मालकाच्या डोळ्यांदेखत धुवायचा. खाली दुमडलेला तो कोपरा तिने उलगडला. लालभडक गालिच्याचाच तो मातकट कोपरा पाहुणे वाकून पाहू लागले.

हमिदाबीने कमरेला खोचलेली कात्री काढली. "मातकट तेवढा सरकारांचा. तो कापून देते आणि उरलेला घेऊन गाव सोडते."

कात्री गालिच्याला टेकली तसे सरदार ओरडले, "अगं थांब! माझाच आहे तो. कोपराही धुऊन टाक!"

"धुऊ तरी काय, सरकार? तुमच्या घरात तर मळच नसतो."