निंबाळकरांच्या परसातला जोड

“सापडला का जोड, वस्ताद?”

धैर्यशीलनं हे विचारलं तेव्हा इलाही वस्तादांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

“आत तर येऊ दे की रं आधी,” वस्ताद म्हणाले.

कोल्हापुरात निंबाळकर काकींच्या बंगल्यामागं, जिथं कालपरवापर्यंत अळू आणि गवती चहा माजला होता, तिथं आता फुटबॉलचं टर्फ पसरलं होतं. हिरवंगार, नवंकोरं. धैर्यशीलनं कुणाचाही हात लागू न देता घातलेलं हे पहिलंच टर्फ.

वस्तादांचा रिवाज असा. शागीर्दानं एकट्यानं टर्फ घालायचं. नकली गवताच्या दोन गुंडाळ्या जिथं एकमेकींना चिकटवतात तो जोड वस्तादांनी शोधायचा. नाहीच सापडला, तर वस्ताद पोराच्या हातात नारळ ठेवत आणि त्या दिवसापासून तो आपल्या नावानं कामं घ्यायला मोकळा होई. बाकी जगात हातात नारळ पडला की माणूस तोंड लपवून घरी जातो. इलाही वस्तादांच्या नारळासाठी मात्र पोरं झुरत.

आज नारळ वस्तादांच्या पिशवीत होता. धैर्यशीलनं तो पिशवीच्या फुगवट्यावरून केव्हाच ओळखला होता.

वस्ताद अनवाणी फिरले. वाकले. गवतावरून उलटा तळहात फिरवला, मग सुलटा. उन्हाकडं तोंड करून पाहिलं, पाठ करून पाहिलं.

“सापडला का?”

वस्तादांनी पुन्हा एक फेरी मारली.

“वस्ताद?”

“न्हाई बा.”

धैर्यशीलला वाटलं, आता छाती फुटते की काय. तो पाया पडायला वाकला. पण वस्तादांचा हात पिशवीकडं गेलाच नाही. कोपऱ्यात काकींच्या नातवाचा चेंडू पडला होता, तो त्यांनी पायानं ओढून घेतला.

“चल. जरा खेळू.”

“आत्ता? आन् नारळ?”

“नारळ काय पळून जातोय व्हय?”

साठी ओलांडलेला माणूस, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पण चेंडू पायाला लागला आणि वस्ताद वीस वर्षांनी तरुण झाले. एक हूल दिली, दुसरी दिली, आणि चेंडू कुंपणाच्या जाळीत.

“एक,” वस्ताद म्हणाले.

मागच्या पायरीवर चहाचा ट्रे घेऊन काकी येऊन बसल्या होत्या. “वस्ताद, पोराला जरा जपून.”

“त्यो जपतोयच की, काकी.”

आणि खरंच, धैर्यशील जपत होता. धावता धावता एका जागी त्याचं पाऊल आखडायचं आणि मग एकदम लांब पडायचं, उंबरा ओलांडावा तसं. गम कधीच वाळून घट्ट झाला होता, तरी पाय ऐकत नव्हता. एकदा तर चेंडू ऐन मोक्याच्या जागी येऊन थांबला. पुढं गोल मोकळा. नुसता पाय लावायची खोटी. त्यानं पाय उचलला… आणि मागं घेतला.

वस्तादांनी बाजूनं येऊन चेंडू टिपला आणि जाळीत मारला.

“दोन.”

मग ते थांबले. कुंपणाशी धैर्यशीलनं बाहेरच्या रेषा आखायला आणलेली फक्कीची पाटी होती. वस्तादांनी मूठ भरली आणि वाकून, टर्फच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पांढरी सरळ रेघ ओढली.

धैर्यशीलचा चेहरा उतरला.

रेघ बरोब्बर जोडावर होती. बोटभरही इकडं नाही की तिकडं नाही.

“तुम्ही तर म्हणला, सापडला न्हाई.”

“न्हाईच सापडला.”

“मग ही रेघ?”

“ही तुझ्या पायानं दावली.”

धैर्यशील आपल्याच पायांकडं बघत राहिला. महिनाभर रात्री डोळे मिटले की नारळच दिसायचा, आणि आता तो आपल्याच पायानं घालवला. त्याला रडूही येत होतं आणि स्वतःचा रागही.

वस्तादांनी चेंडू पुन्हा मध्यभागी ठेवला.

“दोन-शून्य,” ते काकींना म्हणाले. “ह्या गावात जन्मून म्हाताऱ्याकडनं दोन खाल्ले. घरी सांगू नका ह्येच्या.”

हे मात्र झोंबलं. कोल्हापूरचं पोरगं नापास झाल्याचं ऐकून घेईल, गोल खाल्ल्याचं नाही.

धैर्यशील सुटला. काकींनी ट्रे खाली ठेवला. वस्तादांनी हूल दिली, ती त्यानं ओळखली. दुसरी दिली, तीत तो फसला, पण उठला आणि पुन्हा आडवा आला. चेंडू पायातून पायात जाऊ लागला. फक्की उडू लागली. दम लागला तसा तो हसू लागला, आणि हसताना त्याला आणखी दम लागला. एक गोल फेडला. काकी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मग चेंडू वस्तादांच्या पायातून सुटला, धैर्यशीलनं अंग झोकून दिलं, गुडघ्यांवर सरपटत गेला आणि चेंडू जाळीत मारून तिथंच पालथा पडला.

“दोन-दोन,” काकी म्हणाल्या. “आता तरी चहा घ्या.”

तो उठला तेव्हा कोपरापासून गुडघ्यापर्यंत पांढरा झाला होता. छाती भात्यासारखी हलत होती.

वस्तादही धापा टाकत होते.

“धैर्या, जोड कुठं हाय रं?”

“ह्यो काय…”

त्यानं हात लांब केला. रेघ नव्हती. सगळीकडं फक्कीच फक्की विस्कटली होती. त्यानं हात जरा डावीकडं नेला, मग जरा अलीकडं.

“थांबा… हितंच कुठंतरी…”

तो वाकून बघू लागला. वस्तादांनी पिशवीतून नारळ काढला आणि त्याच्या फक्कीनं भरलेल्या हातात ठेवला.

“ऱ्हाऊ दे. आता झालं मैदान.”