यंत्राने दिलेला शब्द

“झालं, असं कोण म्हणालं?” मुजावर सरांनी विचारलं.

“कॉम्प्युटर म्हणाला, सर.”

“त्याला कोणी सांगितलं?”

“यंत्रानं.”

“आणि यंत्राला?”

शाल्मलीनं हातातलं मुकं यंत्र उलटसुलट करून पाहिलं. उत्तर तिला ठाऊक होतं…

बशीर मुजावर सरांनी उभी हयात मिरजेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी एक लांब टेबल टाकलं. जो येईल तो विद्यार्थी. शाल्मली भोकरे त्यांच्यातली सगळ्यात हुशार. सर असं कधी म्हणाले नव्हते. शाल्मलीचं मात्र तसं पक्कं मत होतं.

अंध वाचकांसाठी सर एक यंत्र बनवत होते. साबणाच्या वडीएवढं. यूएसबीची वायर लावली की कॉम्प्युटरला ते पेन ड्राइव्हसारखं दिसायचं. त्यात बोलतं पुस्तक भरायचं, वायर काढायची, की लागलं कानाशी बोलायला. त्याच्या पोटात एक मायक्रोकंट्रोलर होता, नखाएवढी चिप. कसं घ्यायचं, कुठं ठेवायचं, काय उत्तर द्यायचं, हे सगळं त्या चिपला शिकवणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, लिहायचं काम शाल्मलीकडे होतं.

तिनं ते असं लिहिलं, की पुस्तक भरायला कुठल्याही यंत्राला लागेल त्याच्या निम्म्या वेळात तिचं यंत्र मोकळं व्हायचं.

“बघा सर, असं कुणाला जमलं नसेल,” ती म्हणाली होती. सर नुसते हसले होते.

पहिलं यंत्र कालिंदीताई नागवेकरांना मिळालं. ताई अंधशाळेत गाणं शिकवायच्या. दृष्टी जन्मापासूनच नाही, पण पुस्तकांची भूक जबर. काल त्यांनी इथंच बसून एक जाडजूड कादंबरी भरून घेतली. ‘काम पूर्ण झालं,’ असं कॉम्प्युटर मोठ्यानं बोलला, त्यासरशी ताईंनी वायर काढली, यंत्र पर्समध्ये टाकलं आणि आनंदात घरी गेल्या.

आज सकाळी त्या परत आल्या. यंत्र मुकं होतं.

“माझंच काही चुकलं असेल गं बाळ,” त्या शाल्मलीला म्हणाल्या. “वायर ओढताना घाई झाली असेल. दिसत नाही ना… हातून काही दुखावलं असेल बिचारं.”

चूक ताईंची नव्हती, हे शाल्मलीला लगेच कळलं.

कारण वेगाची युक्ती तिची तिलाच माहीत होती. कॉम्प्युटरनं काही दिलं की चिप ते नुसतं हातात धरायची, लगेच ‘लिहिलं’ म्हणून सांगायची, आणि मग सवडीनं खरोखर लिहीत बसायची. कादंबरी जवळजवळ सगळी आत पोचली होती. पण ती कुठं ठेवली आहे, ही खूण अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहून होण्याआधीच ताईंनी वायर काढली होती, आणि वायर निघाली की चिप लिहिणं सोडून बोलायच्या कामाला लागते.

सरांच्या बायकोनं, रझियाभाभींनी, ताईंना आत चहाला नेलं. खोलीत दोघंच उरली, तेव्हा सरांनी ‘झालं, असं कोण म्हणालं?’ हा प्रश्न विचारला होता.

“मी शिकवलं यंत्राला,” शाल्मली शेवटी म्हणाली. “पण सर, उपाय सोपा आहे. लोकांना सांगू या, ‘झालं’ ऐकू आल्यावर थोडं थांबा.”

“म्हणजे यंत्रानं खोटं बोलायचं, आणि माणसांनी सांभाळून घ्यायचं.”

“खोटं नाही हो, सर. थोडं आधी बोलतं, इतकंच.”

सर उठले.

“डोळे मीट. हात दे.”

तिनं डोळे मिटले. सर तिला दाराबाहेर घेऊन गेले. ओट्याच्या पायऱ्या उतरताना ते म्हणत होते, “पायरी… पायरी… झालं, आली जमीन.”

शाल्मलीनं बेधडक पाऊल टाकलं. खाली जमीन नव्हती. तोल गेला, छातीत धस्स झालं… सरांनी दंड घट्ट धरलाच होता.

तिनं डोळे उघडले. अजून एक पायरी बाकी होती.

“थोडं आधी बोललो,” सर म्हणाले. “इतकंच.”

शाल्मली त्याच पायरीवर बसली. समोरून एक टेम्पो गेला, शेजारची कोंबडी ओट्यावर चढून पुन्हा उतरली.

“पण मग वेग जाईल, सर,” ती हळूच म्हणाली.

“‘पुढचं घेतेस का?’ असं कॉम्प्युटर विचारतो. तेव्हा चिपला काय काय म्हणता येतं?”

“‘दे’ म्हणता येतं. नाहीतर ‘आत्ता नाही’.”

“‘आत्ता नाही’ म्हटलं, तर तो रागावतो?”

“नाही. पुन्हा विचारतो.”

“किती वेळा?”

“चिप तयार होईपर्यंत…”

“मग ‘आत्ता नाही’ म्हणायची लाज कुणाला वाटत होती?”

शाल्मली उठून आत गेली आणि टेबलाशी बसली.

ताई त्या दिवशी सरांकडेच जेवल्या. भाभींनी शाल्मलीला दोनदा हाक मारली, पण तिचं लक्षच नव्हतं. आता चिप एक घास नीट गिळल्याशिवाय दुसरा घेत नव्हती. खरोखर लिहून झाल्याशिवाय ‘लिहिलं’ म्हणत नव्हती. शाल्मली पुस्तक भरायची, ‘झालं’ ऐकताच वायर खेचायची, आणि यंत्र कानाला लावायची. पुन्हा भरायची, पुन्हा खेचायची. यंत्र दर वेळी बोललं.

उन्हं कलली तेव्हा ताई टेबलाशी येऊन बसल्या. कादंबरी पुन्हा भरायला घेतली. कालच्यापेक्षा फार वेळ लागत होता. ताई मांडीवर ताल धरून गुणगुणत होत्या.

“झालं का गं?”

“अजून नाही, ताई.”

शाल्मलीला स्वतःचंच नवल वाटलं. हे शब्द उच्चारताना तिला किती हलकं वाटलं होतं!

‘काम पूर्ण झालं,’ कॉम्प्युटर बोलला.

ताईंनी क्षणाचाही उशीर न करता वायर काढली. ताईंनी यंत्र कानाला लावलं… आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पांढरी काठी उचलली, ऐकता ऐकताच पायऱ्या उतरल्या आणि गल्लीतून चालू लागल्या. वळणावर कसल्याशा वाक्याला त्या खळखळून हसल्या, आणि दिसेनाशा झाल्या.

शाल्मली दारात उभी होती. तिला बरं वाटत होतं, भूकही लागली होती. तरी एक बारीकसं काहीतरी टोचत होतंच.

“सर, ताई काहीच बोलल्या नाहीत हो. ‘छान झालं’ एवढंसुद्धा नाही. यंत्रात काही बदललंय, हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल.”

सर शेंगा सोलत होते. त्यांनी मूठभर दाणे तिच्या ओंजळीत ओतले…

“तुझं काळीज सकाळपासून न चुकता चालतंय. त्याची तुला किती वेळा आठवण झाली, पोरी?”