सजून आलेला आवाज

माझा भाऊ सोपानदादा ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळायचा. आवाज सजवायला लॅपटॉपवर तो दोनच हलके प्लगइन लावायचा. म्हणायचा, "गाणाऱ्याच्या तोंडचा शब्द लगेच स्पीकरातून आला पाहिजे. बाकी सगळे दागिने."

खंडेनवमीला स्टेजवर शॉक बसून तो गेला.

त्याच्या शोकसभेत वहिनी अभंग गायला उभी राहिली. ऑर्केस्ट्राचे मालक दौलतशेठ यांनी दादाच्या दोन प्लगइनवर आणखी वीस भारी चढवले होते. लॅपटॉप धापा टाकू लागला. वहिनीचाच आवाज स्पीकरातून क्षणभर मागाहून येऊन तिच्या कानावर आदळायचा. ती चुकली, थांबली, रडू लागली.

मी म्हणालो, "शेठ, दादाचे दोनच ठेवा."

"गप रे! तुला काय कळतंय? जरा उशीर होतोय, पण आवाज कसा सजून येतोय बघ!"

भर सभेत माझ्या तोंडून निघालं, "खरंय शेठ. दादाला दवाखान्यात न्यायला तुमची गाडीपण अशीच आली होती. पूजा उरकून, झेंडूचा हार घालून, उशिरा."

शेठनी मान खाली घालून एकेक प्लगइन काढला. दोनच उरले तेव्हा वहिनीनं पुन्हा अभंग धरला.

आता आवाज वेळेवर आला. ऐकायला दादा नव्हता.