महाराजांच्या तसबिरीमागची खिडकी

एक होतं जंगल. होतं म्हणजे, आमचं सचिवालय बांधायच्या आधी होतं. बांधकामासाठी चारशे झाडं तोडली आणि उद्घाटनाच्या भाषणात वाघमहाराज गहिवरून म्हणाले, "वनबांधवहो, हिरवाईशिवाय कारभार नाही! टेबल तिथे कुंडी!" सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. मी तिथला हेडक्लार्क, गाढव. हे विनयाने सांगत नाही, सेवापुस्तकातच तसं लिहिलंय. शिवाय मला खूर आहेत, टाळ्यांचा आवाज छान येतो.

कुंड्या आल्या. त्यांची निगा राखायला गोदाक्का नावाची खार रोजंदारीवर लागली. घरी दोन पिलं, कमावणारी ती एकटी. पण कामाला चोख! आधी मातीत बोट खुपसून बघायची, ओल असली तर पाणी घालायची नाही. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. झाडं झकास तरारली.

मग महाराजांचा वाढदिवस आला. आमचे सचिव तरससाहेब यांनी महाराजांची भलीमोठी तसबीर करवून आणली. ती मावेल एवढी जागा एकाच भिंतीवर होती, आणि त्या भिंतीत दालनातली एकुलती एक खिडकी होती. तसबीर खिडकीवरच बसवली. आम्ही दिवसाढवळ्या दिवे लावून कामाला लागलो. पंधरवड्यात मनीप्लांट पिवळा पडला आणि रबराच्या झाडाने पानं टाकली.

समिती नेमली. समितीने आठ किलो शेंगदाणे फस्त करून निष्कर्ष काढला, की माती मागच्या राजवटीतली आहे. माती बदलली. पानं गळतच राहिली. मग पाणी कमी पडतंय असं ठरलं. येईल तो मंत्री हातात झारी घेऊन फोटो काढून घेऊ लागला. एका दिवसात रबराच्या झाडाला अकरा मंत्र्यांनी पाणी पाजलं. मुळं कुजायला लागली. शेवटी परिपत्रक निघालं, की यापुढे पानांना पिवळं म्हणू नये, 'परिपक्व हिरवं' म्हणावं. मसुदा माझाच होता. बरा जमला होता.

गोदाक्का माझ्या टेबलापाशी आली. "अहो भाऊसाहेब, झाडांना उजेड पाहिजे हो. ती तसबीर जरा बाजूच्या दालनात लावा, एवढंच."

"हळू बोल की बाई!"

"हळू बोलून झाडं जगतील होय? तुम्हाला तरी दिसतंय ना?"

दिसत होतं. माझे डोळे चांगले टपोरे आहेत.

तरससाहेबांनी नेमकं ऐकलं. "म्हणजे महाराजांमुळे अंधार झालाय म्हणतेस?"

"महाराजांमुळे नाही साहेब, तसबिरीमुळे."

"बघा! वर तोंड करून सांगतेय!"

दुसऱ्या दिवशी चौकशी. साक्षीदार एकटा मी. मी खरं बोललो असतो तर बाईची रोजी वाचली असती. साहेबांनी विचारलं, "झाडांची तब्येत कशी आहे?" गोदाक्का माझ्याकडे बघत होती. मी मन घट्ट केलं, तोंड उघडलं आणि म्हणालो, "परिपक्व हिरवी, साहेब." लाज वाटली, आजही वाटते. पण बढतीची यादी त्याच आठवड्यात लागणार होती. लागली. नाव होतं.

गोदाक्काला काढून टाकलं. जाताना तिने उकिरड्यावर फेकलेलं रबराचं झाड उचललं. कुजकी मुळं छाटली, कोरड्या मातीत लावलं आणि रस्त्यापलीकडे आपल्या ढोलीच्या दारात ठेवलं. दोन महिन्यांत त्याला अशी तुकतुकीत पानं फुटली, की येणारेजाणारे थांबून बघायला लागले. थांबले की आमच्या इमारतीकडेही बघायचे. हे काही बरं दिसत नव्हतं.

हुकूम सुटला, की झाड सरकारी मालमत्ता आहे, ताबडतोब परत आणा. ओझं वाहायचं म्हणून मलाच पाठवलं. बढतीनंतर मला जमेल असं ते पहिलंच काम.

गोदाक्का भांडली नाही. कुंडी माझ्या पाठीवर नीट बांधून दिली. "न्या. पण खिडकीशी ठेवाल ना, भाऊसाहेब?"

"ठेवतो," मी म्हणालो.

आणि शब्द पाळला. खिडकीशीच ठेवलं, तसबिरीच्या अगदी खाली. महाराजांनी झाडाशेजारी उभं राहून फोटो काढला. खाली छापलं, 'सचिवालयात बहरली हिरवाई!' टाळ्या मीच सुरू केल्या.

तिसऱ्या आठवड्यात पानं गळायला लागली. पुन्हा समिती, या वेळी अध्यक्ष मी. अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो. तो कोरा ठेवता येत नाही. मी बराच वेळ पेन चावत बसलो आणि मग वळणदार अक्षरात लिहिलं: "मधल्या काळात या झाडाला बाहेरच्या उजेडाची फूस होती."